चिचगडचा पापुद्रा

जी गोष्ट अजून आपल्याकडं आलीच नाही, ती साठवायची सोय आधीच करून ठेवणं, यालाच नियोजन म्हणतात. म्हणून १९५७ साली चिचगडच्या जंगलात वीज साठवायच्या डबीचं संशोधन केंद्र उघडलं. (चिचगडात वीज नव्हती. ती आहे असं केंद्रही कधी म्हणालं नाही.)

डबीचं गणित सोपं. दोन पत्रे, मधात पापुद्रा. पापुद्रा जितका पातळ तितकी वीज जास्त मावते. फाटला की मुसळ केरात. आजवर तो परदेशातून यायचा. आता पळसावरच्या लाखेचा, स्वदेशी बनवायचा होता.

केंद्रप्रमुख ईश्वरदास साहेबांनी दोन वर्षांत एकेचाळीस पापुद्रे केले. अडतीस तडकले, दोन मुंग्यांनी नेले, एक दिवाळीपासून वाळून राहिला होता. अहवालात लिहिलं: प्रगती समाधानकारक.

केंद्रात पाणी भरायला रुख्मा होती. तात्पुरती, मार्चअखेर घरी. त्याआधी बारा वर्षं ती गोंदियाच्या लाखभट्टीत होती. गरम लाख दोन हातांत, पायांच्या बोटांत अन् दातांत धरून ताणायची, पार पलीकडचा माणूस दिसेपर्यंत. साहेबांनी भर सभेत सांगितलं होतं, वीज धरणारा पापुद्रा जो देईल त्याला केंद्रात कायम करू. रुख्मानं ते खरं मानलं. तिची चूक म्हणाल तर एवढीच.

फेब्रुवारीत तिनं घागर खाली ठेवली अन् पापुद्रा ताणून दिला. शिपाई केवलरामनं हातयंत्र फिरवून फिरवून डबीत वीज भरली. अर्धा तास गेला. आता त्यात काय उरलं असेल, असं म्हणत साहेबांनी खात्रीसाठी बोट लावलं, अन् खुर्चीसकट मागं गेले.

"धरून राहिला ना, साहेब?" रुख्मा म्हणाली. "का आखीन एक बोट लावून पायता?"

पापुद्रा मंजूर झाला. काठावरचे दातांचे ठसे अडले, कारण दात मान्य उपकरणांच्या यादीत नव्हते. ते यादीत चढवले अन् 'दंतताण तज्ज्ञ' अशी एक कायम जागा काढली. पात्रता: लिहिता-वाचता येणे. (दात असल्यास प्राधान्य.)

रुख्मा कोऱ्या कागदावर अंगठा उठवून घेऊन आली. साहेबांनी तिला जाहिरात वाचायला दिली. तिनं ती तशीच परत दिली अन् पाण्याला गेली. एकतीस मार्चला तेही थांबलं.

जागेला त्रेसष्ट अर्ज आले. साहेबांवर रागावू नका. तुम्ही इथवर वाचलं, म्हणजे तुम्हीही पात्र आहात. रुख्मा नाही.