नऊ असतील तर कोणीच नाही

ज्याची सरासरी काढता येत नाही त्याच्याविषयी शासनाला कळवळा वाटू शकत नाही, हे आधुनिक शिक्षणशास्त्राचं पहिलं तत्त्व आहे. पूर्वी मास्तर मुलाकडे बघत, "हा जरा कच्चा आहे" म्हणत आणि त्याला जवळ बसवून घेत. त्यातही कळवळा असे, नाही असं नाही. पण तो किती टक्के, हे कुणाला सांगता येत नसे. 'शालेय उत्तरदायित्व नियमावली' आली आणि ही उणीव भरून निघाली.

कीर्तनात पूर्वरंगात सिद्धांत सांगतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. मीही आधी नियम सांगतो. घाबरू नका, बुवांपेक्षा लवकर आटपेन.

नियम असा. वार्षिक परीक्षेवरून शाळेची सरासरी काढावी आणि तिला श्रेणी द्यावी. दिव्यांग मुलांकडे दुर्लक्ष होऊ नये म्हणून (हा हेतू नियमावलीत तीन ठिकाणी छापला आहे, एकदा ठळक अक्षरांत) त्यांचा वेगळा गट धरावा, आणि तो गट मागे पडला तर सबंध शाळेची श्रेणी एक पायरी खाली आणावी. मात्र दहापेक्षा कमी मुलांची सरासरी भरवशाची नसते, सबब अशा वेळी गटच नाही असं समजावं. म्हणजे नऊ असतील तर शासनाला एकही दिसत नाही. दहावं मूल आलं की दहाच्या दहा एकदम दिसू लागतात. (अशा तऱ्हेचं दर्शन मी आजवर फक्त कीर्तनातच ऐकलं होतं.)

उज्जैनच्या आमच्या श्रीबोध विद्यामंदिरात वर्षानुवर्षं अशी नऊच मुलं आहेत. हा योगायोग नव्हे, साधना आहे. दहावं मूल प्रवेशाला आलं की आम्ही त्याच्या पालकांना चहा पाजतो, विचारपूस करतो आणि दुसऱ्या एखाद्या उत्तम शाळेचा पत्ता देतो. देवास गेटवरून तिकडे थेट बस मिळते, हेही सांगतो. उगाच कुणाची पायपीट होऊ नये.

यंदा मात्र सहावीतल्या रुचिरला ऐकायचं यंत्र लागलं. त्याला ऐकू येत नाही हे त्याच्या आईला तीन वर्षांपासून माहीत होतं. आम्हाला प्रमाणपत्र आल्यावर कळलं. झाले दहा! तातडीची सभा भरली. पोहे आले, वर सेव आली, आणि आमचे सचिव यज्ञेश्वरराव दिघे (बँकेतून निवृत्त, आकड्यांचे जुने भक्त) म्हणाले, "एक कमी करायचा. बस, इतनी सी बात."

मुख्याध्यापिका सुनंदाबाई दचकल्या. "कमी म्हणजे? शाळेतून काढायचं?"

"छे छे! आपली संस्था काय तशी आहे का? काढायचं नाही, सुनंदाबाई. बरं करायचं."

सभेचे डोळे पाणावले. माझेही.

आता दहांतून कुणाला बरं करायचं, यावर साधकबाधक चर्चा झाली. रुचिरचं यंत्र मध्येच शिट्टी मारतं, तो लपत नाही. चाकांच्या खुर्चीतला मुलगा फाटकातूनच दिसतो. शेवटी आठवीतल्या निहारिकेवर एकमत झालं. ती जन्मापासून आंधळी आहे, पण शाळेत काठीशिवाय चालते, माणूस पावलांवरून ओळखते, गाते तर अशी की ऐकणाऱ्यानं जागचं हलू नये. सहामाहीत लेखनिकाला उत्तरं सांगून तिनं एक्याऐंशी टक्के मिळवले होते. इतकी तयारी झालेली मुलगी बरी व्हायला कितीसा वेळ?

बऱ्या झालेल्या मुलाला लेखनिक मिळत नाही आणि जादा वेळही मिळत नाही. हे कळल्यावर तिची आई अपर्णाताई, देवास गेटच्या औषधांच्या दुकानातलं काम टाकून, तशाच आल्या.

"दिघेकाका, मग ती लिहिणार कशी?"

"बाकीची लिहितात तशी, ताई."

"बाकीच्यांना दिसतं हो!"

"हेच, हेच! तिलाही दिसतं असं आम्ही परके लोक मानायला तयार आहोत, आणि तुम्ही आई असून मानत नाही? कमाल आहे."

"तिला नववीत जायचंय, काका. नववीत गाणं विषय घेता येतो ना. वर्षभर घरात दुसरं बोलणंच नाही तिचं."

"जाईल की. टेन्शन कशाला घेता?"

एवढ्या मोठ्या निर्णयाला समाजाची संमती हवी. ती आमच्या स्थापनादिनाच्या कीर्तनात घेण्यात आली, आणि ही युक्ती ज्यांना सुचली त्या यज्ञेश्वररावांना मी मनोमन नमस्कार केला. पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, प्रसादाची वेळ आणि चपला सांभाळण्याची सूचना देतात. तेवढ्यात यज्ञेश्वरराव माइकवर गेले. "प्रसाद उत्तररंगानंतर आहे. कुमारी निहारिका हिची दृष्टी सर्वसाधारण असल्याचं ही सभा घोषित करते. कुणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी. पांढरी मोटार हलवावी."

कीर्तनात मधे बोलायचं नसतं, हे आपल्या लोकांना बाळपणीच मांडीवर बसवून शिकवलेलं असतं. अपर्णाताई मात्र उभ्या राहिल्या. लगेच मागून दोन बायकांनी पदर ओढला. "अहो, खाली बसा ना, कीर्तन चालू आहे! एवढंही कळत नाही?"

विनायकबुवा सरळ मनाचे. त्यांनी पुढे बसलेल्या निहारिकेला विचारलं, "बाळ, दिसतं का गं तुला?"

"नाही बुवा," ती म्हणाली.

पण तोवर पेटीवाल्यांनी सूर धरला होता, तबला आला होता, आणि नामाचा गजर असा उसळला की ठराव टाळ्यांसह बिनविरोध मंजूर झाला. पुढचं आख्यान फार रंगलं. आंधळ्या भक्ताचं होतं. दोन ठिकाणी मी रडलो.

परीक्षा आली. आठवीच्या खोलीत पंचेचाळीस मुलं, पर्यवेक्षणाला कल्पना मॅडम. निहारिकेला इतरांसारखाच छापील पेपर आणि कोरी उत्तरपत्रिका दिली. भेदभाव नको. तिनं दोन्हींवरून हात फिरवला आणि बाकावर नीट ठेवून दिलं. शेजारच्या श्रुतीनं पहिला प्रश्न हळूच वाचला, "निहा, शिप्रा कोणत्या नदीला मिळते?"

आता या मुलीनं आजवर परीक्षा एकाच रीतीनं दिलेली: मान ताठ ठेवून, लेखनिकाला कळेल अशा बेतानं, शब्द सुटे सुटे करून. तिनं तशीच दिली. "शिप्रा चंबळ नदीला मिळते. पूर्णविराम. पुढचा प्रश्न."

पंचेचाळीस मुलांच्या खोलीत चव्वेचाळीस पेनं चालू लागली. आम्ही तिचा एक लेखनिक काढून घेतला होता. देवानं किती दिले पाहा.

"निहारिका, गप्प बस," कल्पना मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मग मी परीक्षा कशी देऊ?"

मॅडमनी नियमावली उघडली. दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेत पाहून लिहिणं म्हणजे कॉपी. इथं तिची उत्तरपत्रिका कोरी. कुणी पाहणार काय? बोलणाऱ्याला बाहेर काढावं, असंही कलम होतं. पण एकालाही बाहेर काढलं तर उपस्थितीचं प्रमाण घटतं, आणि श्रेणी पुन्हा खाली येते. मॅडमनी नियमावली मिटली आणि त्या खिडकीतून टावर चौकाकडची वाहतूक पाहू लागल्या. निहारिकेनं शेवटच्या पेपरापर्यंत सगळं सांगितलं. स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, 'इथं नवा परिच्छेद' सकट.

आठवीचा असा निकाल शाळेच्या इतिहासात लागला नव्हता. तपासनिसांनी विरामचिन्हांची खास दखल घेतली. (एका मुलानं प्रत्येक वाक्याअखेर 'पूर्णविराम' असं अक्षरी लिहिलं होतं, त्याचा अर्धा गुण गेला.) चव्वेचाळीस जण पहिल्या वर्गात पास, एक नापास. सर्व विषयांत शून्य. पण सर्वसाधारण गट इतका मोठा की त्यात एक शून्य जाणवतही नाही. शाळेला सर्वोच्च श्रेणी मिळाली.

अपर्णाताई निकाल घेऊन आल्या. "हे चव्वेचाळीस पेपर माझ्या मुलीचे आहेत!"

"अगदी बरोबर," यज्ञेश्वरराव प्रेमानं म्हणाले. "म्हणून तर आपण याला सामूहिक यश म्हणतो."

"आणि तिचा स्वतःचा पेपर?"

"कोरा आहे, ताई. दिसणारी मुलगी, तीन तास बसून एक अक्षर लिहीत नाही. आम्ही तरी काय करणार?"

निहारिका दारात उभी होती. तिनं वाद घातला नाही. नव्या वर्गाकडे निघालेल्या श्रुतीचा हात धरून एवढंच विचारलं, "गाण्याचा तास कितवा असतो ते येऊन सांगशील?"

समितीनं तिच्या भवितव्याचा सहानुभूतीनं विचार केला आहे. तिला आठवीतच ठेवायचं. यंदा, आणि शक्य झाल्यास पुढेही. तिच्या बाकावर नवा पंखा बसवला आहे. परीक्षेच्या काळात घसा बसू नये म्हणून ज्येष्ठमधही देणार आहोत. शाळा माणसं कशी जपते, ते येऊन बघावं.

सध्या प्रवेश सुरू आहेत. पालक मंडळी फार जागरूक झाली आहेत. शिक्षक कोण, ग्रंथालय कुठे, असले प्रश्न आता कुणी विचारत नाही. "ती आठवीतच आहे ना?" एवढंच विचारतात. एका सद्गृहस्थांनी मला बाजूला घेऊन काळजीनं विचारलं, "पास होऊन निघून तर नाही ना जाणार?" मी त्यांना धीर दिला.

आपलाही अर्ज मिळाला. चिरंजीवांना तिच्या मागचाच बाक दिला आहे. तिथं स्पष्ट ऐकू येतं. आपण दोनदा फोन करून विचारलंत म्हणून मी स्वतः बसून पाहिलं.