सहा इंचांचा उतार

बोळिंजच्या जयवंत सामंतांनी जन्मात कुणाला उलट प्रश्न विचारला नव्हता. साहेबांना नाही, बायकोला नाही, आईला तर नाहीच नाही. गिळलेले सगळे प्रश्न छातीत साठून बारा वर्षं जळजळतायत, असं त्यांची बायको विनया म्हणे. (डॉक्टर म्हणत, सुक्या बोंबलाची चटणी.)

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी बजावलं, "पोटातलं आम्ल वर येऊन अन्ननलिका भाजतेय. गोळ्या घ्या, लवकर जेवा आणि पलंगाची डोक्याची बाजू सहा इंच उंच करा. नाहीतर जखमा होतील, मग दुर्बीण घालावी लागेल."

दुर्बिणीचं नाव काढताच जयवंतरावांचं धाबं दणाणलं. त्याच रविवारी त्यांच्या ऑफिसातला सेबेस्टियन नंदाखालहून घराच्या उरलेल्या विटा आणि दोन भाऊ घेऊन आला. पलंग सासऱ्यांनी दिलेला, अस्सल सागवानी.

"सामंत, ह्यात सासऱ्याला पन पॅक करून दिलाय काय?" सेबेस्टियन कण्हला.

खिडकीकडच्या पायांखाली विटा गेल्या. सेबेस्टियनची कंबर गेली. पण उतार झाला झकास.

मंगळवारी संगमेश्वरहून आई आली. पलंग बघून तिने कपाळावर हात मारला.

"खिडकी उत्तरेला ना रे? म्हणजे उत्तरेला डोकं नि दक्षिणेला पाय! यमाच्या दारावर लाथा घालतोस?" असं म्हणून तिने उशी उचलून पार दुसऱ्या टोकाला ठेवली.

"अगं आई, पण विटा..."

"तुझ्या विटांना कोण हात लावतंय? राहू देत!"

आता आईला नाही म्हणायचं, की सेबेस्टियनला मोडक्या कंबरेनिशी परत बोलवायचं? जयवंतरावांनी कारकुनी तोडगा काढला. डॉक्टरांनी उतार सांगितला, उतार आहे. आईने दक्षिण सांगितली, दक्षिण आहे. दोन्ही आदेशांचं पालन झालं, फाइल बंद! विनया सासूबाईंच्या सोबतीला बाहेरच्या खोलीत झोपत होती, त्यामुळे तिला ह्याचा पत्ताच नव्हता.

जळजळ मात्र वाढतच गेली. सकाळी घसा आंबट, आवाज घोगरा, डोकं भिंतीला टेकलेलं. डॉक्टरांनी गोळ्या दुप्पट केल्या. जयवंतरावांनी स्वतःच्या अकलेने रिक्षावाल्याचा जॅक आणून विटांवर आणखी एकेक वीट चढवली. (त्याच जॅकने विटा दुसऱ्या टोकाला नेता आल्या असत्या. पण तेवढं सुचलं असतं तर मग काय हवं होतं?)

महिन्याने घास गिळताना दुखायला लागलं, तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला.

"विनया, कॅन्सर तर नसेल ना गं?"

"अभद्र बोलू नका," विनया म्हणाली आणि तोंड फिरवून रडली.

शेवटी दुर्बीण झालीच. घशात बधिर करणारा फवारा मारलेला, त्यामुळे जयवंतरावांना धड बोलता येईना. डॉक्टरांनी विनयाला आणि आईला आत बोलावलं.

"जखमा आहेत, चांगल्या तीन. पण कॅन्सरबिन्सर नाही. भरून येतील."

विनयाने हात जोडले. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"पण एवढी औषधं चालू असताना जखमा झाल्याच कशा?" डॉक्टर म्हणाले. "पलंग उंच केला होतात ना?"

"चांगला नऊ इंच!" विनया म्हणाली.

"आणि डोकं?"

"गं... गुं..." जयवंतराव म्हणाले.

आई पुढे सरसावली. "डोकं दक्षिणेला हो. आमच्यात उत्तरेला चालत नाही."

"आणि विटा?"

"त्या उत्तरेला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे हे महिनाभर पाय वर करून झोपतायत?"

विनयाने आधी वळून नवऱ्याकडे पाहिलं. मग डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून ती पदरात तोंड खुपसून अशी हसली, की बाहेरची नर्स डोकावून गेली. जयवंतरावांनी चिठ्ठीसाठी हात पुढे केला. डॉक्टरांनी तो ओलांडून चिठ्ठी आईला दिली.

"आजी, ह्यांचं डोकं कुठे ठेवायचं ते आता तुम्हीच बघा. ह्यांच्यावर सोडू नका."

आईने चिठ्ठी बटव्यात ठेवली आणि सुस्कारा सोडला.

"काय सांगू डॉक्टर, पाळण्यातसुद्धा हा उलटाच व्हायचा. मला आपलं वाटलं, नोकरी लागली की सुधारेल."