चौदावी पायरी आणि अकरा कप

हे प्रकरण चौदा दिवसांत निकाली निघणार, याबद्दल हिल्के आइलर्सच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ठेकेदाराने बांधकामाचे नियम मोडले तर घरमालकाने काय करावं, यावरचं चारशे बारा पानांचं पुस्तक तिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं! तळटिपा तेवढ्या सोडल्या होत्या. त्या मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत छापलेल्या होत्या आणि तिचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. पण सत्तावीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या बाईला पुस्तकाचा गाभा कळायला तळटिपा लागत नाहीत, असं तिचं मत होतं.

प्रकरण होतं जिन्याचं.

आइलर्सांच्या घरातला जुना जिना इतका उभा होता की मांजरसुद्धा चढण्याआधी विचार करायचं. हिल्केच्या वडिलांनी, ओकोंनी, नवा जिना स्वतः कागदावर काढला. चौदा पायऱ्या, सगळ्या अठरा सेंटिमीटर उंचीच्या, बायकोचे गुडघे नव्वदीतही कुरकुरणार नाहीत अशा. वरच्या पश्चिमेच्या खोलीतून समुद्राचा बांध दिसायचा, बांधावरच्या मेंढ्या दिसायच्या, ओहोटी लागलेली दिसायची. त्या खिडकीशी बसून दुपारी तीनचा चहा घ्यायचा, हा ओको आणि गेशे यांचा एक्केचाळीस वर्षांचा नेम. फेब्रुवारीत ओको गेले. एप्रिलमध्ये जिना उभा राहिला.

उभा केला फोको टाम्मेनाने. हा गावचा ठेकेदार, मूळचा सुतार आणि हिल्केचा वर्गमित्र. तेरा पायऱ्या त्याने बरोबर अठरा सेंटिमीटरच्या केल्या. चौदावी केली वीस पूर्णांक चारची! दोन पायऱ्यांत पाच मिलिमीटरचा फरक नियम माफ करतो. हा होता चोवीसचा. माणसाचा पाय तेरा पायऱ्यांत अठराची सवय लावून घेतो आणि चौदावीला सपशेल फसतो. पहिल्याच दिवशी हिल्के सहा पुस्तकांसकट आडवी झाली. धुराडं तपासणारा माणूस आला, तो वरच्या मजल्यावर दोन पायांऐवजी चार पायांवर पोचला. उठून त्याने टोपी सारखी केली आणि म्हणाला, "जिना छान आहे. शेवटी थोडा चावतो."

"आई, तू या जिन्यावर पाऊल ठेवायचं नाहीस," हिल्केने जाहीर केलं.

"पडेन म्हणून?" गेशेने विचारलं. तिला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं.

"ते आहेच. पण मुख्य म्हणजे जिना वापरला की आपण तो स्वीकारला असं धरतात! कायदाच आहे तसा. आणि एकदा स्वीकारला की चूक फोकोची होती हे आपल्याला सिद्ध करत बसावं लागेल."

"आणि तू झोपणार कुठे? तुझी खोली वरच आहे."

हिल्केने त्याचाही विचार केला होता! कोठारातून तिने सफरचंदं उतरवायची शिडी ओढत आणली, पूर्वेच्या खिडकीला टेकवली आणि त्या दिवसापासून ती स्वतःच्या घरात चोरासारखी शिरू लागली. सकाळी दप्तर दातांत धरून खाली, संध्याकाळी दप्तर दातांत धरून वर. पोस्टमनला तिचं टपाल बारा फूट वर फेकायची सवय झाली. एक्कावन्नाव्या वर्षी बाई खिडकीतून जाते-येते म्हटल्यावर गावाने आठवडाभर तिच्या प्रियकराचा शोध घेतला. पण खिडकीतून ये-जा फक्त तिचीच आहे हे लक्षात आल्यावर सगळ्यांनी हळहळून तो नाद सोडला.

पश्चिमेची खोली माडीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिचं दार बंद असायचं. फेब्रुवारीपासून हिल्केला तिकडे जायचं काही काम निघालं नव्हतं.

एप्रिल संपायच्या आत तिने फोकोला रीतसर पत्र धाडलं. नियम कोणता मोडला, किती मोडला, दुरुस्तीला मुदत चौदा दिवस. पंधराव्या दिवशी फोकोचा फोन आला, सुरुवात गावच्या रामरामाने, म्हणजे 'मोइन'ने.

"मोइन, हिल्के! पत्र मिळालं. काय भाषा लिहितेस! बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं."

"मुदत काल संपली, फोको. तू दुरुस्त करत नसशील तर मी दुसऱ्याकडून करून घेईन, तुझ्या खर्चाने! नाहीतर ठरलेल्या रकमेत कपात करीन. नाहीतर नुकसानभरपाई मागेन. आणि त्याआधी न्यायालयाकडून पुरावा नोंदवून घेईन, म्हणजे तुला नंतर..."

"अगं, श्वास घे! जिना चढून आलीस की काय?"

"मी जिना चढत नाही!"

"ऐकलंय. गावात शिडीचाच विषय आहे." मग फोकोचा आवाज जरा खाली आला. "हे बघ, मला बोलायचं नव्हतं. पण ओकोकाकांनी कागदात वरच्या जमिनीच्या फळ्यांची जाडी धरलीच नव्हती. चोवीस मिलिमीटर, बरोबर तेवढ्याच. मी कागदाप्रमाणे केलं. आता गेलेल्या माणसाची चूक काय काढायची!"

"कागद दाखव."

"हरवला गं कुठेतरी."

हिल्केने फोन ठेवला. पुस्तकात या प्रसंगासाठी प्रकरण नव्हतं. ओकोंनी अडतीस वर्षं समुद्राच्या बांधाची मोजणी केली होती. त्यांच्या मापात दोन सेंटिमीटरचा घोळ असता तर निम्मं गाव केव्हाच उत्तर समुद्रात पोहत असतं. पण हे आता कुणाला सांगायचं आणि दाखवायचं काय?

गेशे चहाची किटली पुसत होती. "काय म्हणाला?"

"बाबांचं माप चुकलं म्हणाला."

"असं म्हणाला?" गेशे म्हणाली आणि किटली पुसत राहिली. किटली कधीची चकाकत होती.

जुलैच्या एका गुरुवारी, दुपारी तीन वाजता, तपासणीसाठी ब्रेनेकेबाई आल्या. न्यायालयाने नेमलेल्या, हानोवरच्या शपथबद्ध बांधकामतज्ज्ञ, हातात पेटी, चेहऱ्यावर शून्य भाव. फोकोही आला, धुतलेला सदरा घालून. हिल्के तर फौज घेऊन बसली होती! तीन रंगांच्या फायली, चौसष्ट छायाचित्रं आणि शिडीच्या वापराची तारीखवार नोंद.

गेशेने चहा मांडला. कपात खडीसाखरेचा खडा, त्यावर कडक चहा, खडा तडकला की वर सायीचा ढग. ढवळायचं नाही, ढवळतो तो परगावचा. मग बशीत चमचा कशाला? तर पुरे म्हणायला. इथे, पूर्व फ्रिझियात, पाहुण्याने चमचा कपात ठेवला की यजमानीण थांबते. नाही ठेवला की ओतत राहते. तोंडाने नको म्हणणं किंवा कपावर हात आडवा धरणं म्हणजे तिच्या तोंडावर दार आपटण्यासारखं.

आणि त्या दिवशी एकाही बशीत चमचा नव्हता.

ब्रेनेकेबाई हानोवरच्या. पहिला कप संपल्यावर त्या सरळ "नको, धन्यवाद" म्हणाल्या आणि पट्टी घेऊन जिन्याकडे गेल्या. फोकोने त्यांच्या पाठीकडे असूयेने पाहिलं. तिसरा कप संपला तसा तो बशीभोवती बोटं फिरवू लागला.

"काकू, चमचा..."

"काय सांगू बाबा! घासायला काढले आणि कुठे गेले कोण जाणे! घे, घे, कप कोरडा पडलाय."

चौथा. पाचवा. सहाव्याला फोकोला एक युक्ती सुचली. कानावरची सुताराची पेन्सिल काढून त्याने हळूच कपात उभी केली. गेशेने ती उचलली, कमरेच्या फडक्याने पुसली आणि त्याच्या कानावर परत अडकवली. "पडली होती हो तुझी," ती म्हणाली आणि सातवा ओतला.

ब्रेनेकेबाई खाली आल्या. "पायरी चोवीस मिलिमीटरने चुकलेली आहे. चूक कुणाची, ते पट्टी सांगत नाही. मूळ आराखडा आहे?"

"हरवला," फोको म्हणाला. तो आता खुर्चीच्या अगदी कडेवर आला होता. "पण मी त्याप्रमाणेच केलं."

"पान दोनशे बारावर स्पष्ट म्हटलंय," हिल्केने निळी फाईल उघडली, "की ठेकेदाराला आराखड्यात चूक दिसली तर त्याने..."

"वाच, हिल्के, सगळं वाच," गेशे म्हणाली. "सावकाश वाच. फोको, साय घे ना!"

हिल्केने सगळं वाचलं, पोटकलमांसकट! ब्रेनेकेबाई पुन्हा वर गेल्या, जमिनीच्या फळ्यांची जाडी बघायला. आठवा कप. नववा. फोकोच्या कपाळावर घाम आला. दहाव्याला त्याने डावा पाय उजव्यावर टाकला, अकराव्याला उजवा डाव्यावर, आणि मग खुर्ची पाडून तो उठला.

"काकू, मी जरा जाऊन..."

"जा की. पण खालचं बंद आहे हं."

खरंच! खालच्या संडासाच्या दारावर कागद चिकटवलेला होता: 'बंद आहे.' अक्षर गेशेचं.

"आई, हे कधी बिघडलं? सकाळी तर..."

"दुपारी," गेशे म्हणाली. "वर आहे ना दुसरं. जा, फोको. जिना तुझाच आहे."

फोको सुटला! मागे बैल लागलेल्या माणसासारखा तो जिन्याकडे धावला. दोन, चार, सात, अकरा, तेरा! आणि चौदावीने त्याला धरलं. माणूस असा कोसळला की कपाटातल्या किटल्यांनी टाळ्या वाजवल्या. तो थेट ब्रेनेकेबाईंच्या पुढ्यात जाऊन पडला. त्या गुडघ्यांवर बसून फळी मोजत होत्या आणि त्यांच्यामागे, दोन हातांवर, ते दार होतं.

"नेमकं कुठे अडखळलात?" बाईंनी वही उघडली.

"शेवटच्या पायरीला! सरका ना!"

"कारण?"

"उंच आहे ती! बाई, सरका!"

"ती उंच का आहे?"

"फळ्या विसरलो मी, फळ्या! कच्च्या जमिनीपर्यंत मापलं आणि वरच्या फळ्या धरायच्या राहिल्या!"

"पण आराखड्यात..."

"आराखड्यात होत्या! ओकोकाकांनी लाल शाईने लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं! बास?"

"हे मी लिहून घेऊ?"

"लिहा! काय वाटेल ते लिहा! सही करतो, अंगठा देतो, पण आधी..."

ब्रेनेकेबाईंनी शांतपणे वाक्य पुरं केलं, तारीख घातली आणि सरकल्या.

खाली हिल्के फाईल धरून उभी होती. "आई," ती कुजबुजली, "दबावाखाली दिलेला कबुलीजबाब टिकत नाही. पान तीनशे..."

"चहा म्हणजे दबाव नाही," गेशे म्हणाली आणि किटली उचलून आत गेली.

पण कबुलीजबाब टिकला! रिकामा होऊन खाली आलेला फोको वेगळाच माणूस होता. त्याने निमूट सही केली. दुसऱ्या दिवशी आराखडाही आणून दिला. म्हणे, गाडीत आसनाखाली होता. लाल शाईत, ओकोंच्या टोकदार अक्षरांत लिहिलेलं होतं: 'फळ्यांची जाडी धरूनच मोजणे.' खाली दोन रेघा. हिल्केने त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं आणि कागद फायलीत न लावता घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला.

सप्टेंबरमध्ये नवा जिना झाला. चौदाच्या चौदा पायऱ्या सारख्या! हिल्केने प्रत्येक मोजली, मग स्वीकारपत्रावर सही केली, शिडी कोठारात परत नेली आणि आईला हात दिला.

"चल आई. आता कायद्याने जाता येतं."

दोघी चढल्या. गेशे भराभर चढली, हिल्केला जरा नवल वाटलं. वर पोचल्यावर पश्चिमेच्या दारापाशी हिल्के थांबली. गेशेने दाराची मूठ फिरवली.

खिडकीशी दोन खुर्च्या होत्या. एकीवर ओकोंची टोपी. दुसरीवर गेशेची शाल, विणकाम आणि कालचं वर्तमानपत्र. खिडकीच्या कट्ट्यावर बारा चांदीचे चमचे ओळीने लावलेले.

"आई! तू इथे... कधीपासून?"

"तू पत्र टाकलंस ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तीन वाजता. तू ग्रंथालयात असतेस."

"आणि चौदावी पायरी?"

"तिथे पाय जरा उचलायचा." गेशेने टोपीवरची न दिसणारी धूळ झटकली. "त्याला एकट्याला किती दिवस बसवून ठेवायचं?"

हिल्के खिडकीतून बघत राहिली. बांधावर मेंढ्या चरत होत्या. ओहोटी लागली होती. न वळताच ती म्हणाली, "मग तुला जिना चढता येत होता, तर फोकोला अकरा कप कशाला पाजलेस?"

"ओकोचं माप चुकलं म्हणाला होता तो."

हिल्केने मान डोलावली. पण कायदा म्हणजे कायदा! "आई, तू जिना वापरलास! पाच महिने! फोकोला कळलं असतं तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. वापर म्हणजे स्वीकार!"

गेशेने शालीखालून चारशे बारा पानांचं पुस्तक काढलं, ओकोंचं भिंग काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि तळाशी भिंग धरलं. मुंगीच्या पायांएवढी अक्षरं फुगून मटाराएवढी झाली. 'चुकीबद्दल लेखी तक्रार आधीच दिली असेल, तर नुसत्या वापराने स्वीकार होत नाही.'

हिल्केने ते दोनदा वाचलं. तिचे दोन्ही गुडघे, शिडीने सोलवटलेले, एकदम हुळहुळले.

"मग हे मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं," गेशे म्हणाली, "तुला शिडी आवडते."