शिंगवाल्या पिपचा मुक्काम

पिपला शिंगं फुटली. नाही, असं काही झालंच नाही, निदान वर्नाने त्याच्या प्रवासाच्या वहीत तरी तसंच लिहिलं, "पिप मजेत. हवा छान."

पिप म्हणजे जर्मनीतल्या लाइपझिगच्या सात वर्षांच्या फ्रीडाचा कापडी ससा. एका यजमानाकडून दुसऱ्याकडे, असा हातोहात चौदा देश हिंडून तो अमेरिकेत वायोमिंगला वर्नाकडे पोचला होता. वहीच्या पहिल्या पानावर फ्रीडाची एकच अट होती: जसा आला तसाच पुढे पाठवावा. वर्ना त्याच्यासाठी दोन वर्षं रांगेत होती. सोमवारी त्याला पुढच्या यजमानाकडे नेब्रास्काला धाडायचं होतं.

उजेड चांगला म्हणून तिने त्याला फोटोसाठी नवऱ्याच्या, मर्लच्या, कामाच्या बाकावर बसवलं आणि कॉफी आणायला गेली. मर्लचा धंदा मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरायचा. मेलेल्या सशांना हरणाची शिंगं बसवून तो चाळीस वर्षं पर्यटकांना 'जॅकलोप', म्हणजे तिकडच्या दंतकथेतला शिंगवाला ससा, म्हणून विकत आला होता. कॉफी येईपर्यंत पिपचाही जॅकलोप झाला.

"मेल्या, हे काय केलंस?"

"बाकावर ससा होता. शिंगं लावली."

"कापडाचा आहे तो!"

"तरीच म्हटलं, डोळे आधीच कसे बसवलेले!"

"काढ आधी ती!"

मर्लने ओढलं. डावा कान हातात आला. शिंग तसूभर हललं नाही.

"माल पक्का असतो आपला," मर्ल म्हणाला.

वर्नाने कान शिवला, वर मर्लची हॅट चढवली आणि फ्रीडाला फोटो पाठवला. हॅट डोक्याच्या वर वीतभर अधांतरी होती. तासाभरात फ्रीडाने विचारलं, "टोपी अशी तरंगते कशी? आणि गळ्यात कागद कसला?"

कागदही सवयीनेच आला होता. प्रत्येक जॅकलोपच्या गळ्यात मर्ल गावच्या नगरपालिकेने पर्यटकांसाठी गंमत म्हणून काढलेला जॅकलोपच्या शिकारीचा परवाना अडकवायचा: 'शिकार फक्त ३१ जून रोजी.'

वर्नाने रडत सगळं कबूल केलं. फ्रीडा मुळीच रागावली नाही. "शिंगं छान आहेत. पण आता त्याला गोळी घालतील ना! ३१ जून उलटेपर्यंत त्याला दाराबाहेर काढू नका."

"अगं बाळा, जूनला एकतीस तारीखच नसते."

"शिकारी असंच सांगतात," फ्रीडाने कळवलं.

"पोरगी हुशार आहे," मर्ल म्हणाला.

"तू गप्प बस!"

जून संपला, जुलै संपला. नेब्रास्काहून रोज विचारणा होऊ लागली. शेवटी सप्टेंबरात वर्नाने नगरपालिकेत रीतसर अर्ज दिला:

"महोदय, आमचा पाहुणा अडकून पडला आहे. तरी यंदाचा ३१ जून आपल्या सोयीने, शक्यतो याच आठवड्यात, पाळण्यात यावा. पूर्ण दिवस जमत नसल्यास अर्धा दिवसही चालेल."