अडीचशे कोटी वर्षांचा ओटा

लोक घरी आले की आधी पाणी मागतात. उपासनी काका ओटा मागतात.

आम्ही चऱ्होलीच्या सोसायटीत राहायला आलो, त्या दिवशी टेम्पोतून अजून कपाट उतरायचं होतं. वरच्या मजल्यावरचे हे सत्तरीचे गृहस्थ आले, नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट माझ्या स्वयंपाकघरात. खिशातून भिंग काढलं, ओट्याला नाक टेकवलं आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. मला वाटलं, बिल्डरचा माणूस असेल, भेगा बघत असेल. मग मान वर करून म्हणाले, "छान आहे हो. दक्षिणेकडचा ग्रॅनाइट दिसतो. अडीचशे कोटी वर्षांचा तरी असावा. नक्की सांगायचं तर कोपरा फोडून न्यावा लागेल. फोडू?"

"अहो काका, अजून एक पोळी लाटली नाही मी त्यावर!" मी किंचाळलेच.

"बरं, बरं. घाई काय आहे?" म्हणाले आणि निघून गेले.

'घाई काय आहे' हे त्यांचं पालुपद. आमच्या भागात असं म्हणणारा दुसरा माणूस शोधून दाखवा, मी त्याला ओवाळीन. माझा नवरा भोसरीत शिफ्टला, मी चाकणला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये. कंपनीची बस देवासाठीसुद्धा थांबत नाही. आणि या माणसाला लाख वर्षं म्हणजे चिल्लर.

जन्मभर त्यांनी दगडांची वयं काढली. ती कशी काढतात हे मला त्यांनी एकदा जिन्यात उभं करून समजावलं. माझ्या हातात दुधाची पिशवी होती. ते दूध नासलं, पण विषय समजला. ग्रॅनाइट फोडायचा, कुटून पूड करायची, पाण्यात धुऊन जड कण वेगळे काढायचे. त्यातून झिरकॉन नावाचे, साखरेच्या दाण्याहून बारीक स्फटिक सुईच्या टोकानं निवडायचे.

"तू तांदूळ निवडतेस ना मीनल, तसंच. फक्त आम्ही खडे ठेवतो आणि बाकीचं टाकतो."

हा झिरकॉन जन्मतानाच पोटात थोडं युरेनियम घेऊन येतो. त्याचं ठरलेल्या गतीनं शिसं होत जातं. किती झालं ते मोजायचं, की वय निघालं. डोंगर उभा राहो, झिजून वाळू होवो, वाळूचा पुन्हा खडक होवो, हा पठ्ठ्या जसाच्या तसा. शिवाय दगडात कोणती द्रव्यं किती आहेत ते पाहिलं, की तो किती खोल वितळला, कोणापासून झाला, सगळं कूळ कळतं. अशी कुळं जोडत जोडत पृथ्वीची साल कशी घडली ते ठरवायचं. लग्न जमवणाऱ्या बायका हेच करतात, पण त्यांना निदान जेवायला तरी बोलावतात.

आपल्याकडच्या काळ्या दगडाबद्दल मात्र काका नाक मुरडतात. "तो? कालचं कार्टं! सहा-साडेसहा कोटी वर्षं. याच्यात झिरकॉन शोधणं म्हणजे टकलावर उवा शोधणं."

आमचे सेक्रेटरी तात्या चऱ्होलीचेच, पिढीजात. गणपतीच्या मीटिंगमध्ये ते छाती काढून म्हणाले, "तुमी समदी बाहेरून आलेली मान्सं. आमी हितलं मूळचं हाय."

झालं. काका उठलेच. "तात्या, तुमच्या पायाखालचा दगडसुद्धा मूळचा नाही. लाव्हा आला आणि पसरला. खरे मूळचे खडक त्याच्याखाली गाडले गेलेत."

तात्यांनी डोळे बारीक केले. "म्हंजी आमी बी बाहेरचं? काका, हळू बोला राव, इलेक्शन आलंय!"

तर अशा माणसाच्या स्वयंपाकघरातून माझ्या स्वयंपाकघरात पाणी गळायला लागलं. गळावं कुठे, तर बरोबर माझ्या गॅसच्या वर. फोडणी तापली की वरून थेंब, की तडतड, की माझा हात भाजलेला. प्लंबर सलीमभाईंना बोलावलं. त्यांनी वर-खाली बघून सांगितलं, "भाभी, सिंकची लाइन ओट्याखाली फुटलीये. ओटा उचलावा लागेल. जुना दगड आहे, उचलताना तुकडे होणार, सांगून ठेवतो."

आता काकांचा ओटा ही सोसायटीतली दंतकथाच होती. इथे येताना त्यांनी बिल्डरचा नवाकोरा ओटा काढून टाकला होता आणि चिंचवडच्या जुन्या घरातला काढून, चादरीत गुंडाळून, आणून बसवला होता. फारच पुरातन असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

काकांनी सलीमभाईंना दारातूनच परत पाठवलं. मी गेले तर म्हणाले, "गळतंय ना? गळू दे. पाण्यानं खडक झिजायला फार वेळ लागतो. घाई काय आहे?"

"खडक नाही काका, माझी आमटी आहे ती!"

पुन्हा गेले तर दार उघडेनात. वर आणखी एक छळ. रोज सकाळी डोक्यावर ठक, ठक, ठक. हा माणूस घरात दगड फोडतो आणि स्वतःच्या ओट्याला हात लावू देत नाही! जगाचे दगड फोडायचे आणि आपला तेवढा सोन्याचा! एका रविवारी आमटीत छताचा पोपडा पडला आणि माझं डोकं फिरलं. तेवढ्यात ठकठक सुरू झाली. सलीमभाईंना फोन लावला आणि तशीच पदर खोचून वर गेले. दार उघडंच होतं.

काका ओट्यापाशी उभे होते. हातात बत्ता. समोर दगड नव्हता. आल्याचा तुकडा होता.

मला बघून ते चोरी पकडल्यासारखे बाजूला झाले. ओट्याच्या कडेला, गॅसच्या डावीकडे, दगडाची चकाकी गेलेली होती. हात फिरवला तर बोटाला लागेल एवढा उथळ खळगा पडला होता.

"आमची ही इथेच आलं ठेचायची," काका म्हणाले. "रोज. खलबत्ता आणून दिला होता, तरी नाही. मी ओरडायचो. म्हणायचो, अगं, अडीचशे कोटी वर्षांच्या दगडावर आलं काय ठेचतेस! ती म्हणायची, इतकी वर्षं रिकामाच पडला होता ना, आता जरा उपयोगी पडू दे."

ओट्यावरच्या चहाच्या कपाकडे मी पाहिलं. भरलेला, साय धरलेला. "तुम्ही घेत नाही?"

"आल्यानं मला पित्त होतं." ते त्या खळग्यावरून अंगठा फिरवत राहिले. "दगडाचं वय काढतो मी, मीनल. हे किती दिवसांचं आहे, ते कुठल्याच यंत्रात येत नाही. तुकडे झाले की संपलं. मी सारखा घाई काय आहे म्हणायचो ना... तिलाच कसली घाई झाली होती, कोण जाणे."

मला रडू आवरेना. भांडायला आलेली बाई मी, पदरानं नाक पुसत उभी.

सलीमभाई हत्यारांची पिशवी घेऊन दारात आले, तेव्हा मी त्यांना आत येऊच दिलं नाही. विचारलं, "ओट्याला हात न लावता काही होईल?"

"ही लाइन बंद करून नवी बाहेरून टाकता येईल. पण पाइप तुमच्या किचनच्या खिडकीवरून जाणार. दिसायला घाण दिसेल, भाभी."

"दिसू दे," मी म्हटलं.

आता माझ्या खिडकीतून निम्मं आकाश आणि निम्मा पांढरा पाइप दिसतो. नवरा अजून कुरकुरतो. गळती थांबली, ठकठक मात्र रोज चालू आहे.

ती ऐकू आली की मी आमच्या दोघांपुरता चहा टाकत नाही, एकट्या नवऱ्यापुरता टाकते. दार उघडून ठेवते. थोड्या वेळानं जिन्यात चपला वाजतात, हळूहळू, कप हिंदकळू नये अशा बेतानं. बस चुकेल म्हणून माझा जीव वरखाली होत असतो, पण काका कप हातात देतात आणि विचारतात, "आलं जास्त नाही ना झालं?"

मी पायरीवर बसते आणि म्हणते, "बसा काका. घाई काय आहे?"