जगूकाकांचा डबा

जगूकाकांनी पहिल्या भेटीत मला नमस्कार केला नाही. मोजलं.

आम्ही बोईसरजवळच्या सरावलीत नवीनच राहायला आलो होतो. शेजाऱ्यांची ओळख करून घ्यावी म्हणून मी त्यांच्या अंगणात गेलो, तर त्यांनी खिशातून टेप काढली, तिचं टोक माझ्या पायाखाली सरकवलं आणि पट्टी सरसर माझ्या डोक्यापर्यंत नेली.

"पाच फूट सवासहा. चप्पल काढ."

मी चप्पल काढली.

"पाच फूट साडेपाच. बस. चा घेशील ना?"

माणूस एकदा मोजून झाला की मग त्यांना त्याच्याशी मोकळेपणानं बोलता यायचं. मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासतो हे कळल्यावर त्यांनी मला 'शास्त्रज्ञ' अशी पदवी दिली आणि ती आजतागायत परत घेतलेली नाही.

काका जन्मले मच्छीमाराच्या घरात, पण बोट धक्क्याला बांधलेली असली तरी तिच्यात पाय ठेवताच त्यांच्या पोटात ढवळायचं. बापानं कपाळाला हात लावला आणि पोराला बोईसरला लोखंडाच्या कामाला धाडलं. तिथं एका शेडमध्ये पत्रे कापण्यात आणि जोडण्यात त्यांचा सगळा जन्म गेला. त्या धंद्यात इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. काकांचं सगळं जग सुतात चालायचं. "काका, कसे आहात?" विचारलं की "सुतात हाय." ताप आला असला तर "दोन सूत बाहेर." गल्लीतल्या एका मुलीला बघायला स्थळ आलं, तेव्हा तिच्या बापानं काकांचं मत विचारलं. काका म्हणाले, "पोरगा चांगला हाय. चार सूत वाकडा हाय, पण लग्नानंतर ठोकून सरळ करता येल."

निवृत्त झाल्यावर असा माणूस काय करणार? काकांनी घरातलं सगळं मोजून संपवलं आणि एका सकाळी ते डबा घेऊन आले.

डबा म्हणजे जेवणाचा नव्हे. ट्रॅक्टरमागं जोडायचा, चारी बाजूंनी पत्र्यानं बंद असलेला, दोन चाकांचा ट्रेलर. कधीकाळी त्यातून खोकल्याच्या औषधाची खोकी जायची. मग तो भंगारात पडून होता.

"ह्यात घर करनार," काका म्हणाले. "चाकांवरचं. पलंग, मोरी, शेगडी, पंखा, सगळं आत. जाऊ तितं आपलं घर."

पण आधी तो अंगणात यायला हवा होता. ट्रॅक्टर चालवणारा रामसजन फाटकासमोर थांबला आणि मान हलवू लागला.

"चाचा, ये अंदर नहीं जाएगा."

"जाएगा. मैंने नापा है."

आणि खरंच, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सोडून डबा अलगद आत शिरला. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांनी रुंदी सुतासुतानं मोजली होती. उंची मात्र मोजायची राहिली होती. अंगणात आडवी बांधलेली कपड्यांची दोरी डब्यानं डोक्यावर घेतली आणि काकींची तीन पातळं, काकांचे दोन लेंगे नि एक उशीचा अभ्रा अशा पताका मिरवत तो पेरूच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला.

शालूकाकी दारातून हे बघत होत्या. चार फूट नऊ इंच. हे माप काकांनीच मला सांगितलेलं. "आदी माजी पातळं उतरवा," एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

काकी कधी कुठं जायच्या नाहीत. लग्न, बारसं, जत्रा, कशाचंही बोलावणं आलं तरी त्यांचं काहीतरी निघायचंच. मांजर उपाशी राहील. नळाला पाणी येईल. मुरबे गावात त्यांचं माहेर, बोईसरपासून रिक्षानं अर्ध्या तासावर. पण आम्ही आल्यापासून त्या एकदाही माहेरी गेल्या नव्हत्या. आम्ही म्हणायचो, काकी घरकोंबडी आहेत. बाईला घरच्या उंबऱ्याचा लळा, आणि नवरा बघा, चाकांवर घर बांधतोय.

डब्याचं काम सुरू झालं आणि गल्लीची करमणूक झाली. उन्हात पत्रा तापू नये म्हणून काकांनी भिंतींना आतून थर्माकोल लावायचं ठरवलं. नवं कशाला, म्हणून मासळीच्या बर्फाची जुनी थर्माकोलची खोकी गोळा केली. धुतली होती, पण बोंबील काही एका धुण्यात जात नाही. आत आधीच खोकल्याच्या औषधाचा गोड वास मुरलेला. दोन्हींचा मिळून जो दरवळ सुटला, त्यानं सरावलीतली यच्चयावत मांजरं पेरूखाली गोळा झाली आणि कीर्तनाला बसावं तशी डब्याकडं तोंड करून ओळीनं बसली. काका त्यांना हाकलायचे, मग एकेकाला मोजायचे. शेवटी माझ्या सांगण्यावरून सगळं थर्माकोल सोड्याच्या पाण्यात दोन दिवस भिजवलं, उन्हात वाळवलं, तेव्हा ती सभा बरखास्त झाली.

मग खिडकी कापली. सुबक चौकोन, जाळी लावलेला. काकांनी आत उभं राहून बाहेर पाहिलं आणि खूश झाले. मग काय मनात आलं कोण जाणे, मला म्हणाले, "शास्त्रज्ञ, स्टुलावर बस. काय दिसतं?"

"आभाळ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो चौकोन पत्रा ठोकून बंद केला आणि दीड फूट खाली नवी खिडकी कापली. "खिडकी उभ्या मानसासाटी नसते," ते म्हणाले.

पण खरा वाद झाला तो संडासावरून. साडेसात फूट रुंद, बारा फूट लांब डबा. त्यातला मागचा तिसरा हिस्सा काकांनी संडासाला दिला. खुर्चीसारखा उंच कमोड, दोन्ही बाजूंना धरायला वाकवलेले पाइप, दारात पाय घसरू नये म्हणून खरबरीत पत्रा. शेगडीला मात्र जेमतेम कढई मावेल एवढी फळी.

"काका, स्वयंपाकघर खुराड्याएवढं आणि संडास राजवाडा?" मी म्हणालो.

"जेवन कुटंबी मिळतं," काका म्हणाले.

"अहो, पण थोडा लहान केला तर पलंग मोठा होईल."

एरवी इंचावरून तासभर चर्चा करणारा माणूस माझ्यावर खेकसला. "एक सूत कमी होनार नाय! बोललो ना, नाय!"

मग माझ्याच खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "त्या खालच्या टाकीत काय टाकू ते सांग. दर्प यायला नाय पायजे. परक्याच्या दारात उबं राहायचं हाय." मी चुन्याचा आणि रोजच्या रोज टाकी रिकामी करण्याचा सल्ला दिला. तो त्यांनी वहीत उतरवून घेतला.

काम पुरं झालं तेव्हा काकांनी गल्लीला डबा बघायला बोलावलं. आम्ही सहा जण आत शिरलो. पलंग बघितला, पंखा लावून बघितला, आणि मग अर्थातच सगळ्यांना तो गाजलेला संडास बघायचा होता. सहाच्या सहा जण एकदम मागं सरकलो. आता डब्याला चाकं दोनच, तीही मधोमध. पुढचा दांडा एका विटेवर नुसता टेकवलेला. एक बारीकसा कर्र आवाज झाला, दांडा आभाळाकडं निघाला आणि आम्ही सहा जण, एक स्टूल आणि पोह्यांचं पातेलं असे घसरत घसरत राजवाड्यात एकावर एक जमा झालो. मी सगळ्यात खाली. माझ्या कानात कुणाचं तरी कोपर आणि केसांत पोहे.

बाहेरून काकांचा शांत आवाज आला. "आत किती जन हाय?"

"सहा!"

"बराबर. पाचाचा हिशोब होता." आणि लगेच, "हलू नका, माप घेतो."

त्या संध्याकाळी डब्याला मागं लोखंडी टेकू बसले.

आता गावभर एकच प्रश्न. काका जाणार कुठं? कुणी म्हणे गोवा, कुणी म्हणे काश्मीर. वाणगावहून एक गृहस्थ आला आणि "गाडी पडूनच राहणार असेल तर मला द्या, मी भजीचं दुकान काढतो," म्हणाला. काकांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत मोजला आणि जा म्हणून सांगितलं. कागदपत्रांसाठी काकांनी पालघरला चार खेपा घातल्या. कुणी विचारलं तर "बगू," एवढंच उत्तर.

मग एका सकाळी रामसजनचा ट्रॅक्टर आला. डब्याला झेंडूचं तोरण बांधलेलं. सगळी गल्ली निरोप द्यायला उभी.

"चाचा, कश्मीर?"

"मुरबे."

रामसजननं इंजिन बंद केलं. "मुरबे? वो तो इधर ही है!"

गल्ली हसून लोळायची बाकी राहिली. अर्ध्या तासाच्या वाटेसाठी सहा महिने घर बांधलं! काकांनी सगळ्यांकडं बघून हात जोडले, अगदी निवडणूक जिंकल्यासारखे, आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डावर चढून बसले. काकींच्या भाचीचं लग्न होतं, चार दिवसांचं. मागं रिक्षात काकी, आणि त्यांच्या सोबतीला, रजा काढून, मी.

काकींनी हिरवं काठापदराचं लुगडं नेसलं होतं. निघाल्यावर त्या खूप बोलत होत्या. आई कशी होती, माहेरच्या ओट्यावर बोंबील कसे वाळत असत. ट्रॅक्टरचा वेग म्हणजे बैलगाडीचा मोठा भाऊ. पाऊण तास झाला आणि काकी बोलायच्या थांबल्या. पदर मुठीत घट्ट धरला. मी विचारलं, "काकी, बरं वाटत नाही का?" त्या पुढच्या डब्याकडं बघत होत्या.

पुढं मडगार्डावरून काका वळून वळून रिक्षाकडं बघत होते. त्यांनी एकदम हात वर केला. ट्रॅक्टर थांबला. काका उडी मारून उतरले आणि रस्त्यानं जाणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "टायर तापले! धा मिनिटं थांबायला लागेल!"

आणि ओरडता ओरडताच त्यांनी डब्याचं दार उघडलं, खाली पायरी लावली, टेकू सोडले. रिक्षातून उतरणाऱ्या काकींच्या हाताला हात दिला, पण तोंड दुसरीकडं. काकी आत गेल्या. दार लागलं. काका डब्याभोवती फिरून चाकांवर लाथा मारू लागले.

रामसजननं टायरला हात लावून बघितला. "टायर तो ठंडा है, चाचा."

"गरम है," काका म्हणाले. "बहुत गरम है. तू पानी पी."

मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. आमच्या सगळ्यांच्या चेष्टा, तो राजवाडा, ते धरायचे पाइप, ती बसलेल्या माणसाच्या उंचीची खिडकी, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं आणि मला कुठं तोंड लपवावं कळेना.

मुरब्याच्या आधी टायर आणखी एकदा तापले.

माहेरी काय गोंधळ उडाला! काकींच्या बहिणी, वहिन्या, जुन्या मैत्रिणी गळ्यात पडून रडल्या, मग रडता रडता डबा बघून हसल्या. हळदीच्या दिवशी काकी मांडवात सगळ्यात पुढं खुर्चीवर बसून गाणी म्हणत होत्या. लाज सोडून मोठ्यानं, आवाज फाटेपर्यंत. मधूनच उठायच्या, काठी टेकत डब्यात जायच्या, परत येऊन पुढची ओळ उचलायच्या.

दुपारी त्यांनी मला डब्यात चहाला बोलावलं. खिडकीशी बसल्या. बाहेर समुद्र होता.

"तुला कळलं ना?" त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली.

"गोळ्या चालू हायत. पन धरवत नाय रे जास्त वेळ. आनि गुडग्यांनी खाली बसवत नाय. हितला संडास जुना, तोबी वाडीच्या टोकाला." मग खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "तुमी यायच्या आदी, भावाच्या पोराच्या साखरपुड्याला आलो होतो. सगळ्यांत बसले होते. उटायला गेले, आनि झालं. लुगडं भिजलं. मला वाटलं, धरनी पोटात घेल तर बरं. तेवड्यात ह्यांनी बाजूची सरबताची अख्खी कळशी माज्यावर ओतली. अख्खी! भाऊ बोलला, जावईबापू, डोळे फुटले काय? सगळ्यांनी शिव्या घातल्या. हे आपले हसतात, हात सटकला, हात सटकला. त्या दिसापासून मी घर सोडलं नाय. आनि हे एका शब्दानं बोलले नाय. ना तवा, ना आजपर्यंत."

हे मी त्यांना विचारूनच लिहितो आहे. "लिही," त्या म्हणाल्या. "माज्यासारक्या लय असतील घरात बसलेल्या."

मी बाहेर आलो तेव्हा मांडवाशी काकांना सासुरवाडीच्या लोकांनी घेरलं होतं.

"काय जावईबापू, आमच्या घरात झोपायला जागा नव्हती काय? पत्र्याचं खोकडं कशाला वडून आनलं?"

"मला परक्या घरात झोप येत नाय," काका म्हणत होते. "लहानपनापासून खोड हाय. माज्यापायी हिलाबी त्या डब्यात झोपायला लागतं बिचारीला."

पुन्हा हशा. मोठा मेव्हणा माझ्याकडं वळला. "तुमी शेजारी ना? खरं हाय काय हे?"

काका शेडमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्यांखाली, नुसत्या लोखंडी प्लेटवर पडल्या पडल्या घोरायचे, हे त्यांनी स्वतःच मला शंभरदा सांगितलं होतं.

"अगदी खरं," मी म्हणालो. "सरावलीत सगळ्यांना माहीत आहे. यांच्यापायी काकींचे फार हाल होतात."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मग उगाच खाली वाकून मांडवाच्या खांबाची ढिली दोरी घट्ट करू लागले. ती चांगली घट्ट होती. आतून काकींच्या मैत्रिणी हाका मारत होत्या, "शालू, ये गो, पुढचं गानं तुजं हाय!"