नकाराची अपॉइंटमेंट

"मग, नाही म्हणालास ना?" पोळी ताटात पडायच्या आधीच अपेक्षाने विचारलं.

योगेशने भाजीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. "म्हणजे, म्हणणारच होतो."

"आणि?"

"मी पियुष सरांना सांगितलं, मार्चमध्ये बायकोची डिलिव्हरी आहे, सहा महिने अमेरिकेला कसा जाऊ? तर ते म्हणाले, 'अरे, परफेक्ट! पहिलं बाळंतपण माहेरीच होणार ना? मग तू इथे एकटा काय करणार?'"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, तेही खरंच."

अपेक्षाने पोळी परत डब्यात ठेवली.

योगेशला नाही म्हणता येत नसे. वाशिमला लहानपणापासून आईने एकच गोष्ट मनावर बिंबवली होती : "दारी आलेल्या मानसाले नाही म्हणाचं नसते, बापा." वाशिमला हे खपून गेलं, कारण तिथे दारी येऊन येऊन किती माणसं येणार? पण पुण्यात आल्यावर त्याच्या या गुणाची कीर्ती हडपसरपासून हिंजवडीपर्यंत पसरली. ऑफिसातल्या यच्चयावत शनिवार-रविवारच्या ड्युट्या त्याच्याकडे. घरमालक हिंदुरावांनी तर "तुमी काय न्हाई म्हननारं मानूस न्हाय," असं कौतुक करत करत अख्ख्या बिल्डिंगच्या पाण्याचा पंप त्याच्या गळ्यात बांधला होता. पहाटे उठून बटण दाबणारा अख्ख्या हडपसरातला तो एकमेव सीनियर इंजिनियर असावा.

"तू काउन्सेलरकडे जा," अपेक्षा म्हणाली.

"मी काय वेडा आहे?"

"तू नाहीस. मी होईन आता. महिनाअखेर तिकिटं काढणार आहेत ना? त्याच्या आत जा. बाळ झाल्यावर बापाचा चेहरा मला कॉम्प्युटरवर बघायचा नाहीये."

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज कापला.

टिळक रोडवरच्या एका काउन्सेलर मॅडमची सगळ्यांनीच तारीफ केली. योगेशने कंपनीच्या बसमधून, तोंडावर हात धरून फोन लावला. पलीकडे मंदाकिनीबाई होत्या. मॅडमच्या अपॉइंटमेंट त्या देत. म्हणजे देत नसत.

"वेळ नाही."

"कधी मिळेल?"

"सकाळी दहा ते बारा, संध्याकाळी पाच ते सात."

"दहा ते सात तर मी हिंजवडीत असतो. रविवारी नाही का जमणार?"

"रविवारी मनाला सुट्टी."

"जरा अर्जंट होतं हो."

"आत्ता बोलताय ना नीट? मग धीर धरा. जागा झाली की देऊ."

"मला कळवाल का?"

"कळवत नाही. फोन करून विचारा."

योगेश रोज विचारू लागला. बस ट्रॅफिकमध्ये अडकली की त्याचा फोन ठरलेला. बाई कधी "नाही" म्हणत, कधी "नाही म्हटलं ना", तर कधी नुसतंच "हं" म्हणून ठेवून देत. एवढ्या सहजपणे, एवढ्या निर्मळ मनाने नकार देणारं माणूस त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. फोन ठेवल्यावर त्याला राग यायचा नाही, उलट काहीतरी छान ऐकल्यासारखं वाटायचं.

शेवटी एका बुधवारची संध्याकाळ मिळाली. योगेशने अर्धा दिवस रजा टाकली आणि तो दप्तर आवरतच होता, तेवढ्यात पियुष सर आले. "योगेश, सहाचा क्लायंट कॉल तू घे ना. मला जिमला जायचंय."

योगेशने कॉल घेतला. त्याआधी मंदाकिनीबाईंना फोन करून त्याने सर, क्लायंट, सरांची जिम आणि हिंजवडीचा चौक असं सगळं सविस्तर सांगितलं.

"येणार नाही, एवढंच ना?" बाई म्हणाल्या. "मग एवढं पाल्हाळ कशाला? कारण सांगू नये माणसाने. कारण दिलं की समोरचा त्यावर उपाय काढतो."

घरी जाताना योगेशने बसच्या खिडकीबाहेर बघत हे वाक्य दोनदा मनात घोळवलं.

त्यानंतर शनिवार मिळाला. या वेळी योगेश अर्धा तास आधीच जाऊन बसला. एक काकू आल्या. "मला जरा घाई आहे, मी आधी जाऊ?" "जा ना." मग एक आजोबा आले, त्यांची रिक्षा थांबली होती. "जा ना." मग एक कॉलेजकुमारी आली, तिला नुसताच कंटाळा आला होता. "जा ना." बघता बघता बारा वाजले आणि मंदाकिनीबाईंनी पंखा बंद केला.

"तुमचा नंबर गेला."

"पण मी तर इथेच होतो!"

"तुम्ही होतात. नंबर गेला."

"आता पुढची वेळ?"

"पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात योगेश अमेरिकेत असणार होता. घरी येऊन त्याने अपेक्षाला हे सांगितलं. ती बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत बसली. त्या घड्या बघून योगेशला रात्रभर झोप लागली नाही आणि पहाटे पंपही चालू करायचा राहिला.

महिनाअखेरीला पियुष सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "चल, तिकीट काढू या तुझं. डन ना?"

योगेशने तोंड उघडलं. 'हो' ओठांवर येऊन उभा होता. पण महिनाभर रोज कानात ओतलेलं काहीतरी त्याच्या आधी बाहेर पडलं.

"नाही."

दोघेही दचकले. पियुष सर आधी सावरले. "व्हॉट डू यू मीन, नाही? काय रीझन?"

"रीझन आहे. सांगत नाही."

"अरे, डिलिव्हरीचं म्हणत असशील, तर आपण सोल्यूशन काढू—"

"म्हणून तर सांगत नाही."

"मग एप्रिलमध्ये जातोस?"

"एप्रिलमध्ये वेळ नाही."

"मग कधी?"

"सांगता येत नाही," योगेश शांतपणे उठला. "फोन करून विचारा."

"ओके. सॉरी हं," पियुष सर म्हणाले आणि आपण सॉरी का म्हणालो, याचा विचार करत राहिले. संध्याकाळी हिंदुरावांना पंपाच्या खोलीची किल्ली परत मिळाली.

मार्चमध्ये माहेरी मुलगी झाली. अपेक्षाच्या उशाशी योगेश होता, आणि पोरीने पहिला टाहो फोडला तेव्हा तिच्यापेक्षा मोठ्याने तोच रडला. पुण्याला परतल्यावर पेढ्यांचा बॉक्स घेऊन तो थेट टिळक रोडला गेला.

"अपॉइंटमेंट आहे?" मंदाकिनीबाईंनी मान वर न करता विचारलं.

"नाही. पेढे द्यायला आलोय."

"मला शुगर आहे."

"चालणार नाही. घ्यावाच लागेल."

बाईंनी पहिल्यांदाच चष्म्यावरून त्याच्याकडे नीट पाहिलं. मग मुकाट्याने अर्धा पेढा मोडून तोंडात टाकला. तेवढ्यात आतलं दार उघडून काउन्सेलर मॅडम बाहेर आल्या.

"हे कोण?"

"आपले पेशंट. बरे झाले, म्हणून पेढे आणलेत."

मॅडम बुचकळ्यात पडल्या. "पण मी यांना कधी तपासलं?"

"तुम्हाला वेळ कुठे होता?" मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी वाजणारा फोन उचलला.